यल्ला, गरीब!

शुक्रवार म्हटलं की अजून माझ्या कपाळावर आठी चढते. आम्हां मस्कतवाल्यांची सुट्टी शुक्रवारची, आणि आमच्या घरी सुट्टी म्हणजे भटकंती, आणि भटकंती म्हणजे पहाटे पाचपासून कटकट. बाबा एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होते. कुठल्या इमारतीला किती खडी लागेल, किती सिमेंट, किती दिवस, हे ते कागदावर काढायचे आणि म्हणे ते बरोबर यायचं. कंपनीत येत असेल बापडं. घरातलं त्यांचं एकही एस्टिमेट मी बरोबर आलेलं पाहिलं नाही. "सहाला निघायचं म्हणजे सहाला," असं गुरुवारी संध्याकाळी ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून बजावायचे, आणि शुक्रवारी आठ वाजता स्वतःच एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरायचे. "कुणी उचलला? इथेच ठेवला होता!" कोण उचलणार हो तुमचा मोजा? पण असं विचारायची सोय नव्हती.

आम्ही मस्कतच्या हमरिया भागात राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. खाली शिंप्याचं दुकान, शेजारी मल्याळ्याचा किराणा, समोर खुब्ज, म्हणजे अरबी रोटी, भाजणारा. घरात शांतता अशी नव्हतीच. पाण्याचा टँकर आला की त्याचा पंप घरघरायचा, तो थांबला की एसी खडखडायचा, आणि एसी बंद केला की खालच्या शिवणयंत्रांचा आवाज जमिनीतून वर यायचा. शुक्रवारी मात्र यंत्रं बंद असत आणि त्या जागी आईची कढई वाजायची. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, आणि दह्याऐवजी लबनच्या, म्हणजे तिथल्या ताकाच्या, बाटल्या, कारण दही गाडीत फसफसायचं हे एकदा आम्ही माझ्या फ्रॉकवर शिकलो होतो. पुरी तळताना आई एरवी कधी गुणगुणत नसे. पण शुक्रवारी गुणगुणायची. त्या गुणगुणण्यावरून मला कळायचं की आजही हिला वाटतंय, आज जमेल.

काय जमेल, ते सांगते. आई वाईची. कृष्णेच्या घाटावर लहानाची मोठी झालेली, पोरांच्या बरोबरीने पुरात उड्या मारणारी. तिची आई म्हणायची म्हणे, "ही मुलगी जेवायला तेवढी जमिनीवर येते." लग्न झालं आणि ती चिंचवडच्या दोन खोल्यांत गेली, तिथून विमानात बसून थेट हमरियात. नळाचं पाणीसुद्धा इथे टँकरने यायचं. वाहतं पाणी तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, पाण्यात उतरणं तर लांबच. समुद्र होता की, असं कुणी म्हणेल. समुद्रावर शुक्रवारी सगळे मजुरांच्या कॅम्पमधले बापये बसलेले असत, आणि बाबांना स्वतःला पोहता येत नसल्यामुळे त्यांचा नियम होता: पाणी घोट्याच्या वर गेलं की परत फिरायचं. आई घोटाभर पाण्यात साडी धरून उभी राहायची. मला तिच्याकडे बघवत नसे, आणि का बघवत नाही ते तेव्हा कळत नसे, म्हणून मी मिलिंदला चिमटे काढायची. मिलिंद माझा धाकटा भाऊ, तेव्हा सहा वर्षांचा, आणि गाडी लागण्यात पटाईत.

या सगळ्या भटकंतीचं मूळ एक पुस्तक होतं. बाबांच्या ऑफिसातला एक इंग्रज साहेब देशी परत जाताना टेबल आवरत होता, त्याने ते टाकून दिलं आणि बाबांनी ते उचललं. एका दिवसात कुठे कुठे जाऊन येता येईल त्याची माहिती, नकाशे आणि रंगीत फोटो. गोऱ्या माणसांनी गोऱ्या माणसांसाठी लिहिलेलं. त्यातल्या वेळा जीपच्या, आणि आमच्याकडे होती तपकिरी रंगाची, दोन मालकांनी वापरून सोडलेली मोटार. तिचा एसी कधीच मेला होता. काचा खाली करून त्यांत आम्ही ओले टॉवेल अडकवायचो. मागचं डावं दार बंद राहत नसे म्हणून ते आतून नायलॉनच्या दोरीने बांधलेलं, आणि त्या दोरीची गाठ सांभाळणं हे माझं काम. कंपनीत मोठे पाहुणे येणार असले की मॅनेजर बाबांना सांगायचा, "गाडी आज बिल्डिंगच्या मागे लावा." बाबांनी हे आईला अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, पण दोन खोल्यांच्या घरात हळू आवाज सगळ्यांत जास्त ऐकू येतो.

तर ते पुस्तक. पुस्तकात लिहिलंय किल्ला बघा, आम्ही तीन तास तापत किल्ल्यापाशी जावं, तर दरवाजाला कुलूप. शुक्रवार ना! राखणदार नमाजाला गेलेला. मग भिंतीच्या सावलीत सतरंजी टाकून आम्ही पुऱ्या खायच्या आणि बाबांनी पुस्तकातून मोठ्याने वाचायचं की आत काय काय आहे. "इथे धान्याचं कोठार आहे. इथे खजुराचा रस काढायची खोली." दोन फुटांवर आत ते सगळं होतं आणि आम्ही बाहेर बसून ऐकत होतो. गुहा बघायला निघालो तर मिलिंद तीनदा ओकला आणि अर्ध्यातून वळलो. मातीची भांडी करणाऱ्यांचं गाव सापडलं, पण कुंभार लग्नाला गेला होता. दर खेपेला परतताना बाबा म्हणायचे, "चला, निदान रस्ता तरी बघून झाला." हे वाक्य ऐकलं की मला दोरी सोडून गाडीबाहेर उडी मारावीशी वाटायची.

त्या पुस्तकात एका गावाची दोन पानं होती. नाव मुद्दाम लिहीत नाही, आधीच तिथे आता शुक्रवारी गाड्यांची रांग लागते. डोंगराच्या पायथ्याचं छोटंसं गाव, आणि आजूबाजूला बघायला म्हणाल तर एक पडका बुरूज, खजुराच्या बागा, लिंबांची झाडं, बागांना पाणी नेणारा दगडी चर, आणि मुख्य म्हणजे झरा. फोटोत हिरवंगार पाणी होतं, चांगलं पुरुषभर खोल असावं असं, आणि कडेला खडक. आईने ते पान सरळ फाडलं आणि फ्रिजवर चिकटवलं. बाबा ओरडले, "अगं, पुस्तक फाडतेस?" आई म्हणाली, "तुम्ही मेलं कुलूप बघायला नेता, मला हे बघायचंय." इतकं स्पष्ट आई कधीच बोलायची नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जाऊ की. एस्टिमेट काढतो."

आणि मग तो ड्रेस. खालच्या शिंप्याची बायको खतीजाभाभी, मूळची रत्नागिरीकडची. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. ती त्या झऱ्यावर जाऊन आली होती. आईला म्हणाली, "भाभी, तिकडं बायकांना येगली जागा हाय. खडकाचा आडोसा हाय. खुशाल उतरा पान्यात." आईने लगेच तिच्याकडून एक पंजाबी ड्रेस शिवून घेतला. शेवाळी रंगाचा, जाड सुती कापडाचा, भिजला तरी आरपार दिसू नये असा. बाबांना सांगितलं नव्हतं. दर शुक्रवारी तो ड्रेस पुऱ्यांच्या डब्याखाली घडी होऊन पिशवीत जायचा आणि दर शुक्रवारी कोरडाच्या कोरडा परत यायचा. कारण झऱ्याचा शुक्रवार काही उजाडत नव्हता. कधी बॅटरी उतरलेली, कधी बाबांच्या साहेबाचं बोलावणं, कधी पाऊस पडून वाटेतल्या वाडीला, म्हणजे तिथल्या कोरड्या ओढ्याला, पाणी आलेलं. आई घरी आल्यावर ड्रेस बाहेर काढून झटकायची आणि पुन्हा घडी घालून कपाटात ठेवायची. न भिजलेला कपडा कशाला झटकायचा? एकदा मी विचारलं. "वाळू असते गं," म्हणाली.

त्या मार्चमध्ये कंपनीने बाबांना सांगितलं की आता फॅमिली ठेवायची सोय बंद. बाबांनी बॅचलर म्हणून राहायचं आणि आम्ही तिघांनी परत जायचं. शाळेचं वर्ष संपलं की तिकीट. बाबांनी हे जेवताना सांगितलं आणि मिलिंदने लोणच्याची फोड मागितली. मी मनातून खूश होते, खोटं कशाला सांगू. चौदा वर्षांची मी, मला पुणं हवं होतं, मैत्रिणी हव्या होत्या, बंद होणारं दार असलेली गाडी हवी होती. आई उठली, फ्रिजपाशी गेली आणि त्या फोटोचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून बसवलं. बाबांनी ते पाहिलं. "येत्या शुक्रवारी," ते म्हणाले. "काही झालं तरी. सहाला म्हणजे सहाला."

निघालो साडेआठला. वाटेत चाक पंक्चर, अर्धा तास तिथे गेला. शेवटचा पेट्रोलपंप मागे पडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पुढे कच्चा रस्ता. पुस्तक म्हणत होतं, पंपापासून वीस मिनिटं. जीपला असतील! आम्ही तासभर धक्के खात होतो. मिलिंद एकदा ओकून झाला होता आणि दुसऱ्यांदाची तयारी करत होता. टॉवेल वाळून कडक झाले होते. तरी आई पुढच्या सीटवर ताठ बसून होती, मांडीवर पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात. शेवटी एकदाचा तो पडका बुरूज दिसला. फोटोत होता तसाच, अर्धा ढासळलेला. मी ओरडले, "आला! आला!" आणि नेमका तिथेच रस्त्याला फाटा फुटला. एक वाट डोंगराला वळसा घालून जात होती, दुसरी सरळ माळावर. पुस्तकातला नकाशा आईने फाडलेल्या पानाच्या मागच्या बाजूला होता, आणि ते पान होतं हमरियात, फ्रिजवर.

"वा!" बाबा म्हणाले. "छान. फाडा पुस्तकं." त्यांनी गाडी बंद केली.

तेवढ्यात लिंबांची टोपली घेतलेला एक म्हातारा डोंगराच्या वळणाकडून येताना दिसला. अंगात मळकट पांढरा डिशडाशा, तिथला पायघोळ झगा, डोक्याला फडकं, पायांत काही नाही. बाबा उतरून त्याच्याकडे गेले. आमच्या घरात अरबी म्हणजे चार शब्द. यल्ला म्हणजे चला, निघा. खलास म्हणजे संपलं. इन्शाल्ला म्हणजे होईल तेव्हा होईल. आणि मोया म्हणजे पाणी. बाबांनी हाताने पाणी प्यायल्याची खूण केली, मग पोहल्याची केली. स्वतःला पोहता न येणाऱ्या माणसाने केलेली ती खूण मला अजून दिसते. "मोया? मोया किधर?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने टोपली खाली ठेवली, गाडीपाशी आला आणि खिडकीतून आत वाकून पाहिलं. वाळलेले टॉवेल, दोरीने बांधलेलं दार, ओकलेला मिलिंद, घामाने थबथबलेली मी, मांडीवर पिशवी धरून बसलेली आई. त्याने सगळीकडे नजर फिरवली, बोळकं पसरून हसला आणि बाबांकडे वळून म्हणाला, "गरीब! गरीब!"

बाबांचे कान लाल झाले. म्हाताऱ्याने गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, हाताचा पंजा हवेत उडवला आणि आणखी मोठ्याने म्हणाला, "यल्ला! यल्ला, गरीब!" मग टोपली उचलली, दोन लिंबं आईच्या खिडकीतून तिच्या ओच्यात टाकली आणि माळाच्या वाटेने निघून गेला.

बाबा येऊन सीटवर बसले. किल्ली हातात, पण गाडी सुरू करेनात. गाडीत फक्त मिलिंदचं मुसमुसणं आणि तापलेल्या इंजिनाची टिकटिक. आईने पदर कानामागे सारला होता आणि मान जराशी बाहेरच्या बाजूला कलती केली होती.

"भिकारडा म्हणाला मला," बाबा म्हणाले. "चालते व्हा म्हणाला. वर भीक घातल्यासारखी लिंबं टाकून गेला."

"अहो, तसं नसेल हो म्हणायचं त्याला," आई म्हणाली.

"मग कसं होतं? गरीब म्हणजे काय, कळत नाही मला? सगळी दुनिया म्हणते तेच! हिंदीत तेच, मराठीत तेच, अरबीत काय निराळं असणार आहे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला तहान लागली होती, दोरी धरून हाताला वळ उठले होते, आणि दीड वर्षाचे शुक्रवार माझ्या घशाशी आले होते. मी म्हटलं, "मग काय खोटं बोलला तो? आहोतच आपण गरीब. हे बघा दार! तुम्हांला ऑफिसात गाडीसुद्धा मागे लावायला सांगतात!"

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, आम्ही सगळे रडलो असतो आणि मग पुढे गेलो असतो. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू केली, तीन हिसक्यांत वळवली आणि आलो त्या रस्त्याला लावली. आईच्या ओच्यातली लिंबं खाली पडून तिच्या पायांशी गडगडत राहिली. ती वाकून उचलेना. पेट्रोलपंपाच्या पत्र्याखाली आम्ही सतरंजी टाकली. आईने चौघांना वाढलं. "पुऱ्या खुसखुशीत झाल्यात," बाबा म्हणाले. चला, निदान रस्ता तरी बघून झाला, हे वाक्य त्या दिवशी त्यांनी उच्चारलं नाही, आणि पुढे आयुष्यात कधीच नाही.

आता वाटतं, खतीजाभाभीला नुसतं विचारलं असतं तरी तिने जिन्यात उभ्याउभ्या उलगडा केला असता. तिचा नवरा दिवसभर अरबी गिऱ्हाइकांची मापं घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तिने विचारलंही, "काय भाभी, झाली का आंघोळ?" आई म्हणाली, "झाली तर. मज्जा आली." घरातली लाज जिन्यावर मांडायची नाही, हे आमच्या घराचं ब्रीद. मी पाठीमागे उभी राहून दात आवळत होते. तीन आठवड्यांनी आम्ही पुण्याला आलो. बाबा पुढे बारा वर्षं तिथे एकटे राहिले, आम्हांला वर्षाकाठी महिनाभर भेटत गेले. आई परत ओमानला गेली नाही. पुण्यात नदी होती, पण ती पोहायची नदी राहिली नव्हती. शेवाळी ड्रेसचे आईने दोन अभ्रे शिवले आणि मिलिंद आणि मी कॉलेज संपेपर्यंत त्यांवर झोपलो. बाबांची मी माफी मागितली नाही. दर सुट्टीत मागायची ठरवायची, आणि ते विमानतळावरून बाहेर आले की पहिलं वाक्य टॅक्सीच्या एस्टिमेटचं निघायचं आणि माझं डोकं फिरायचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

हे सगळं मी आज, साठी ओलांडल्यावर, मस्कतजवळच्या अल अमेरातला लेकीच्या गच्चीवर बसून लिहिते आहे. माझी लेक अनुजा इथे बँकेत आहे. तिच्याकडे बंद होणारं दार असलेली गाडी आहे, एक सोडून दोन. नात ईरा मराठी बोलते, पण प्रत्येक शब्द आधी तपासून बघितल्यासारखी. दर हिवाळ्यात मी चार महिने येते आणि अनुजा दर वेळी म्हणायची, "आई, झऱ्यावर जाऊ या, फार छान केलंय आता." मी दर वेळी काहीतरी निमित्त काढायची. गुडघे दुखतात, ऊन आहे, गर्दी असेल. नको म्हणजे नको. त्या रस्त्याला लागायचं नव्हतं मला.

शेजारी उम्म सालिम राहते. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, डोंगराच्या पायथ्याकडून लग्न होऊन आलेली, मोडकं हिंदी बोलते. गेल्या थंडीत आमच्या गल्लीतला खुब्जवाला दुकान बंद करून गेला. मी पिशवी घेऊन दारात उभी. उम्म सालिम झाडांना पाणी घालत होती. तिला विचारलं, "नया खुब्जवाला किधर?" तिने हातातली नळी खाली टाकली, कोपऱ्याच्या दिशेने पंजा हवेत उडवला आणि म्हणाली, "गरीब, गरीब! यल्ला!"

मी तिथेच थिजले. तिला वाटलं, मला चक्कर आली. खुर्ची आणली, पाणी आणलं. मी विचारलं, "गरीब मतलब?" ती म्हणाली, "गरीब... नजदीक! पास! इधर ही!" मी म्हटलं, "गरीब मतलब पैसा नहीं?" ती पोट धरून हसायला लागली. "ला, ला! वो मिस्कीन!" मग तिने मला समजावलं. मस्कतची शिकलेली माणसं 'करीब' म्हणतात, घशातून. पण तिच्या माहेरकडे, त्या पायथ्याच्या भागात, 'क'चा 'ग' होतो. करीब! हिंदीतला आपला करीब! त्या म्हाताऱ्याने एक अक्षर घशातून काढलं असतं तर बाबांना कळलं असतं. शब्द दुनियेचा तोच होता. फक्त आम्ही तो चुकीच्या कपाटात शोधला. हात उडवून, टपावर थापा मारून, बोळकं पसरून तो म्हातारा सांगत होता: जा की, हे काय, आलंच! लिंबंही त्याने मुलांचे चेहरे बघून सरबतासाठी दिली असणार. मी त्या खुर्चीवर बसून रडले की संतापले, मला सांगता येणार नाही. ईरा माझ्यासमोर येऊन म्हणाली, "आजी, तू... अँग्री आहेस की सॅड?" म्हटलं, "बाळा, मला दोन्ही एकदम येतं."

त्याच शुक्रवारी गेलो. डांबरी रस्ता, तपकिरी पाटी, वाहनतळ, करक चहाची टपरी. बुरूज मात्र अजून तसाच अर्धा. फाट्यापाशी मी जावयाला गाडी थांबवायला सांगितली. "आई, पुढपर्यंत जाते गाडी," तो म्हणाला. "मला चालायचंय," मी म्हटलं. ईराचं बोट धरलं आणि डोंगराच्या वळणाला लागले. ती शाळेतलं एक गाणं म्हणत होती, तीन कडव्यांचं. दुसरं कडवं संपायच्या आत समोर पाणी. हिरवंगार, पुरुषभर खोल, फोटोत होतं तसं. पलीकडे खडक, त्यावरून खळखळत उतरणारी धार, आणि खडकाच्या आडोशाला बायका कपड्यांसकट पाण्यात, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत. दोन कडवी! दीड वर्ष, सतरा पंक्चर, आणि दोन कडव्यांवरून आम्ही परत फिरलो होतो. आणि फिरलो कुणाच्या जिभेपायी? माझ्या. मी खडकावर बसले.

मग पुण्याला फोन लावला. आई मिलिंदकडे असते. तिला आता दिसत जवळजवळ नाही, पण कान खणखणीत आहेत. मी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "थांब. बोलू नकोस." मी थांबले. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.

"हाच," आई म्हणाली. "हाच आवाज होता तो."

"कुठला आवाज?"

"अगं, त्या दिवशी. तुझे बाबा त्या म्हाताऱ्याशी बोलत होते ना, गाडी बंद होती. डोंगराच्या मागून येत होता. पाण्याशेजारी वाढलेल्या माणसाला काय सांगावं लागतं?"

"तुला माहीत होतं? जवळ आहे हे माहीत होतं? मग बोलली का नाहीस, आई? एक शब्द! एका शब्दाने सगळं...!" मी इतक्या जोरात ओरडले की पाण्यातल्या बायका वळून बघायला लागल्या.

आई म्हणाली, "बाहेरच्या माणसाने त्यांना गरीब म्हटलं होतं. पाठोपाठ घरच्या लेकीने म्हटलं. वर मी आणि कुठे म्हणू, की तुम्हांला पाणीसुद्धा ऐकू येत नाही म्हणून? जाऊ दे गं. झालं ते." पुढे तिनेच विचारलं, "पाणी कसं आहे? गार आहे का?"

मी वाकून हात घातला. मनगटापर्यंत कळ गेली, इतकं गार होतं. खाली तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते.

"कोमट आहे गं," मी म्हटलं. "काही खास नाही. तुला आवडलं नसतं."

पलीकडे आई हसली.

"नंदे," ती म्हणाली, "कोमट पाणी असं वाजत नाही."